बोडी कोणी खोदली

हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगायचा प्रश्न आला नाही — ती आधीच गेली होती, आणि असती तर तिनं न सांगताच ओळखलं असतं. मुलाला सांगितलं नाही. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याच्या त्या ओळीशी, माझा आवाज आपोआप खाली जातो आणि बाकीच्यांच्या आवाजात बुडतो. शेजारी बसणाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला दम लागतो. वाटू दे.

मी रागीट माणूस आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं बरंचसं रागात लिहिलेलं आहे, आणि तो राग नेमका कोणावर आहे हे तुम्हाला मधेमधे कळणार नाही. मलाही पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं. म्हणून सोपा राग आधी काढून टाकतो. सरकारवरचा. तो काढायला काही लागत नाही.

टीव्हीवर शेतीच्या सुधारणांची चर्चा रंगते तेव्हा मी आवाज मोठा करून ऐकतो. हमीभाव, पीक विमा, खात्यात थेट जमा होणारं अनुदान, यंत्रं, निर्यात. बोलणारे चांगले शिकलेले असतात, त्यांचं चुकतं असंही मी म्हणत नाही. पण त्यातली एक तरी योजना सातबाऱ्याशिवाय दारात येते का? धान खरेदी केंद्रावर पोतं उतरवायचं तर सातबारा. बँकेचं पीककर्ज — सातबारा. रानडुकरांनी उभं धान लोळवलं, भरपाई मागायची — सातबारा. ज्याचं नाव त्या कागदावर नाही तो जन्मभर चिखलात उभा राहिला तरी तुमच्या धोरणात तो शेतकरीच नाही. तो कोण आहे मग? आमच्याकडे त्याच्यासाठी शब्द आहे — जबरानजोतवाला. म्हणजे सरकारी जंगलाची जमीन जबरदस्तीनं जोतणारा. पाहा, शब्दातच गुन्हा घालून ठेवला आहे.

सिंदेवाहीपासून आत, जंगलाच्या कडेला आमचं गाव. अर्ध्या गावाची अशी जोत होती. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तेव्हा गावाभोवतीच्या पुष्कळ जमिनी कागदावर झुडपी जंगल म्हणून चढल्या. लोक तिथं धान पिकवत होते, आणि कागद म्हणत होता इथं झुडपं आहेत. पुढे वनहक्काचा कायदा आला. लोकांना वाटलं, आता सुटलो. आदिवासी कुटुंबांना ठरलेल्या तारखेआधीची वहिवाट दाखवायची होती. त्यांनाही ते सोपं गेलं नाही, पण निदान मागणी तेवढीच होती. बाकीच्यांना मात्र — तीन पिढ्या. तीन पिढ्यांचा रहिवास की तीन पिढ्यांचा ताबा, यावर साहेब लोकांचंच एकमत नव्हतं, म्हणून आमच्याकडे दोन्ही मागत. ज्या सरकारनं कधी चिठोरा दिला नाही तेच सरकार आता आजोबांचा पुरावा मागत होतं. राग येऊ नये?

पण त्या कायद्यात एक चांगली गोष्टही होती. ती मला सांगितलीच पाहिजे, कारण मी तिचाच गळा दाबला. कागद नसेल तर जमिनीवरची जुनी खूण चाले — विहीर, बांध, समाधी. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं सांगणं चाले. म्हाताऱ्यानं ग्रामसभेच्या लोकांसमोर उभं राहून म्हणायचं, मी हे पाहिलं आहे. तो पुरावा. आयुष्यभर ज्यांच्या बोलण्याला कोणी विचारलं नाही त्यांचं बोलणं कायद्यानं पुरावा धरलं होतं. केवढी मोठी गोष्ट! आमच्या गावात त्या वेळी चालता-बोलता, जुनं आठवणारा असा एकच पुरुष उरला होता. तो मी.

आता दुसरा राग. हा जुना आहे.

आमच्या गावात मालगुजाराचा कारभारी होता, दाजिबा. मालगुजार नागपूरला राहायचा, म्हणून गावापुरता दाजिबाच राजा. माझा बाप त्याच्याकडे सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या धान्यावर बांधलेला गडी, पण आमच्या वस्तीतल्या माणसाला त्याशिवाय बेगारही असायची, आणि तिचा दाणा मिळत नसे. जंगलाच्या कडेला दाजिबानं स्वतःसाठी जागा तोडून घेतली. त्यानं तोडवली, माझ्या बापानं तोडली. मुळं काढली, बांध घातले, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पाडल्या. आणि त्या बांध्यांना पाणी मिळावं म्हणून वरच्या अंगाला बोडी खोदली — बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, आमच्या धानाचा जीव तिच्यावर असतो. दोन उन्हाळे बाप तिथं खोदत होता. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण दर उन्हाळ्यात तिचा गाळ काढायला बाप जायचा तेव्हा मी बरोबर असायचो. कावडीनं खांदा सुजलेला मी पाहिला आहे. आई रात्री एरंडाचं पान गरम करून त्यावर बांधायची.

त्या बोडीचं पाणी बापाला हातानं घेता येत नसे. बाजूला एक डबकं होतं, तिथं गुरं उतरायची, तिथं त्यानं प्यायचं. एकदा, मी असेन सात-आठ वर्षांचा, मला फार तहान लागली आणि मी बोडीत ओंजळ घातली. दाजिबा पाळीवर, बोडीच्या बांधावर, उभा होता. त्यानं मला मारलं नाही. बापाला बोलावलं आणि बापाला सांगितलं, मार याले. आणि बापानं मला मारलं. दाजिबा बस म्हणेपर्यंत मारलं.

वाचून तुम्हाला माझी बाजू घ्यावीशी वाटेल. घेऊ नका. हे मी सबब म्हणून सांगत नाही. मी हे स्वतःलाही फार वेळा सांगितलं आहे, आणि दर वेळी सांगून झाल्यावर मला बरं वाटलं आहे. म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

छप्पनला आमच्या वस्तीनं धम्म घेतला. दुसऱ्या दिवसापासून बाप दाजिबाच्या वाड्यावर गेला नाही. ना बेगारीला, ना सालदारीला, ना मेलेलं जनावर ओढायला. त्या साली आम्ही मोहफुलं आणि कंद उकडून खाल्ले, पण तो गेला नाही. मला त्यानं शाळेत ठेवलं. मी भद्रावतीच्या बारुदीच्या कारखान्यात लागलो, क्वार्टर मिळालं, मुलगा शिकला, तो ऊर्जानगरला वीज केंद्रात लागला. निवृत्त होऊन मी गावी परतलो तेव्हा वस्तीत माझं घर सगळ्यांत मोठं होतं, आणि नदीकाठची चार बांध्यांची चांगली धानजमीन मी विकत घेतली. सातबाऱ्यावर माझं नाव. तलाठी मला भाऊ म्हणतो.

आणि दाजिबाचं घर? ते बसत बसत खाली आलं. नोंदीची जमीन पोरांनी फुंकली. त्याचा नातू नामदेव कावीळ होऊन तरणाच गेला. मागे राहिली त्याची बायको सुमनबाई, एक मुलगी, आणि ती जंगलाच्या कडेची जबरानजोत. तीच बोडी, त्याच बांध्या. दुसरं काही नाही. ती बाई स्वतः चिखलणी करायची. गावात हसायचे लोक — बाईमाणूस नांगर धरते म्हणून. ती हसणाऱ्यांना म्हणायची, मंग तुमी या धरा, मी हसतो. तिचं धान केंद्रावर जात नसे, कारण कागद नव्हता; व्यापारी अंगणात येऊन पडत्या भावानं नेई. एका वर्षी डुकरांनी सगळं लोळवलं, तलाठ्यानं पंचनाम्यात तिचं नाव घेतलं नाही. या बाईनं वनहक्काचा दावा टाकला. दाजिबानं माझ्या बापाला जे केलं त्यात तिचा हात कुठे होता? ती तर ब्रह्मपुरीकडून लग्न होऊन आलेली.

मोक्यावर पाहणी होणार होती त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. ऊन फार होतं. मी बाज घातली, तिला बस म्हटलं. ती आधी आत गेली, माझ्या घरच्या माठातून गडव्यानं पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायली, गडवा विसळून जागेवर ठेवला. तिला त्यात विशेष काही केल्यासारखं वाटलं नसणार. मी मात्र पाहत राहिलो.

बसल्यावर ती सरळ बोलली.

"भाऊ, आमच्या आजसासऱ्यानं तुमच्या बापाले लय तरास देल्ला, मले माहीत हाये. माही सासू सांगे. कोन्या तोंडानं जाऊ म्हनून दोन दिस बसली घरी. पन तुमच्याबिगर सांगनारं कोनी नाई ना जी. खोटं नोका सांगू. खरं तेवढंच सांगजा — ते बोडी कोनी खोदली."

मी म्हणालो, "येतो मी. खरं तेच सांगीन."

ती उठून गेली, आणि मला संताप आला. कशाचा, सांगू? तिनं मागणी केली म्हणून नाही. ती पाणी प्यायली म्हणून नाही. लय तरास देल्ला — एवढ्या तीन शब्दांत तिनं ते उरकलं म्हणून. मी साठ वर्षं जे छातीत धरून बसलो होतो ते या बाईला माहीत होतं, तिच्या सासूला माहीत होतं, त्यांच्या चुलीशी बसून ते सांगितलं जात होतं — आणि आता ते माझ्या बाजेवर ठेवून ती मोकळी झाली. तिनं काय करायला हवं होतं? पाया पडायला हवं होतं? पडली असती तरी मला तेवढाच संताप आला असता. तेव्हा हे कळलं नाही. आता कळतं, आणि त्याचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बोडीच्या पाळीवर जमले. वनहक्क समितीचा अध्यक्ष वासुदेव आत्राम — गोंड समाजाचा, सरळ माणूस. त्यानं सगळ्यांचे दावे सारखेच मनापासून चालवले. जंगलाचा गार्ड, तलाठी, समितीतल्या दोन बाया, आणि सुमनबाई. ती लाल किनारीचं धुतलेलं लुगडं नेसून आली होती. मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. वासुदेव गार्डाला म्हणाला, भाऊले जरा दमानं विचारजा बा, बारुदीच्या कारखान्यातले हायेत, भडकले तं आपन सगळे उडून जाऊ. सगळे हसले. मीही हसलो. सुमनबाई सगळ्यांत जास्त हसली — सगळं नीट होणार आहे असं वाटतं तेव्हा माणूस हसतं तशी.

मग गार्डानं विचारलं. त्याला दावा पास व्हायला नको होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यानं प्रश्नातच वाट करून दिली. बोडी कोणी खोदलेली आहे, की हे पाणी आपोआपचं आहे?

मी पाण्याकडे पाहिलं. पलीकडच्या काठाला जिथं पाळ थोडी वाकडी जाते तिथं एक मोठा दगड आतच राहिला आहे, तो बापाला निघाला नव्हता, म्हणून त्यानं पाळ वळवून घेतली होती. तो दगड मला दिसत होता.

मी म्हणालो, "मले आठवत नाई बा असं काही खोदल्याचं. लहानपनापासून पाहतो, इथी खोलगटच होतं. पानी आपोआप साचते. जुन्या काळी इथी कोनी शेती करत नोयते. झुडपंच होती."

हेच ते. हे सांगायलाच बसलो होतो.

सुमनबाईला आधी कळलंच नाही. तिला वाटलं मी विसरलो. ती पुढे आली आणि अगदी हळू म्हणाली, "भाऊ, नीट आठवा ना जी."

मी म्हणालो, "आठवून राह्यलो म्हनूनच सांगून राह्यलो."

मग तिला कळलं. ती माझ्याकडे पाहत राहिली नाही. खाली पाहिलं, आणि पदर खोचला. तलाठी लिहीत होता.

तुम्ही विचाराल, तोंडून निघून गेलं का? ऐन वेळी, जुनं काही डोळ्यांपुढे येऊन? असं म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. नाही. ते वाक्य मी सकाळी दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. इथी खोलगटच होतं. दोन-तीनदा म्हटलं. नोयते म्हणू की नव्हते, याचाही विचार केला — गावच्या बोलीत जास्त खरं वाटेल म्हणून नोयते ठरवलं. एवढी तयारी मी कारखान्यात बढतीच्या मुलाखतीलाही केली नव्हती.

आणि त्या दुपारी मला जेवण गोड लागलं. हेही लिहितो. भात, अंबाडीची भाजी, वर मिरचीचा ठेचा. पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो.

माझी मोठी बहीण तेव्हा होती. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती अंथरुणाला खिळलेली, वस्तीतच राहायची, तिच्या मुलाकडे. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. समितीत बाया होत्या, तसा नियमच आहे, पण गावातलं जुनं माणूस म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो. माझ्याही आला होता. मी काय बोललो ते तिला गावातून कळलं. मी भेटायला गेलो तेव्हा तिनं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

"आपोआप साचलं म्हन्तेस? आन बापाचा खांदा कायनं सुजला होता मंग?"

मी म्हणालो, बाई, तुले दाजिबा आठवत नाई का?

तिनं सांगितलं, दाजिबा मले तुयापक्षा जास्त आठवते, मी तुयापक्षा मोठी हावो. पण तू दाजिबाले नाई पुसून टाकलं, तू बापाले पुसून टाकलं. एवढं म्हणून ती भिंतीकडे वळली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, आणि त्याच हिवाळ्यात गेली.

ती म्हणाली ते मला आधी दिसलंच नव्हतं, हे तुम्हाला खरं वाटेल का? मी दाजिबाच्या घराची मुळं उपटायला निघालो होतो. दोन उन्हाळे राबलेल्या माझ्या बापाचं नाव सरकारी दप्तरात पहिल्यांदा आणि शेवटचं येऊ शकलं असतं, ते त्याच कागदावर. अमक्यानं ही बोडी खोदली. लिहून घ्यायला माणूस बसला होता. बापाचं नाव दुसरीकडे कुठेच नाही. मतदार यादीत असेल तर असेल. आणि मी, त्याचा शिकवलेला मुलगा, पाळीवर उभा राहून म्हणालो की इथं कोणी नव्हतंच. दाजिबानं त्याला पाणी दिलं नाही. मी त्याचे हातच नाकारले.

पण इथंही थांबायला नको. बापाचं दुःख पुढे करून सुमनबाईला मागे ढकलायची ही माझी जुनी युक्ती आहे. तिचा दावा फेटाळला गेला. जुनी वहिवाट सिद्ध होत नाही, असं लिहून आलं. अपिलाला मुदत होती. वासुदेव माझ्याकडे आला होता. त्यानं मला खोटारडा म्हटलं नाही. म्हणाला, भाऊ, मानसाले मागून आठवते कधी कधी, तालुक्याले चला, सांगून देऊ आता आठवलं म्हनून. बाहेर पडायची एवढी मोठी वाट त्यानं करून दिली. माझी इज्जतही राहिली असती. मी म्हणालो, पाहू. आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून एसटीनं चंद्रपूरला, तिथून मुलाकडे ऊर्जानगरला निघून गेलो. मुलाला सांगितलं, गुडघा दाखवायचा आहे. त्यानं दोन डॉक्टरांना दाखवला. गुडघा ठीक होता. मुदत सरेपर्यंत मी तिथं नातवंडांशी कॅरम खेळलो. याला राग म्हणतात का? राग तर पाळीवर होता, एक दिवस. हा भेकडपणा होता, रोज सकाळी उठून पुन्हा केलेला.

मी परत आलो तेव्हा जंगल खात्याच्या रोपवनाचं काम निघालं होतं. मशीन लावून सुमनबाईच्या बांध्यांमधून सागाच्या रोपांसाठी लांबच लांब चर खोदले. बोडीची पाळ मधोमध फोडली, यंत्राला पलीकडे जायला वाट हवी होती म्हणून. मी पाहायला गेलो होतो. सगळं पाणी एका दुपारीत निघून गेलं. लोक मासे वेचायला धावले. पलीकडचा तो दगड उघडा पडला, हत्तीएवढा.

सुमनबाईनं आरडाओरडा केला नाही. त्या वर्षी ती मुलीला घेऊन तेलंगणात मिरची तोडायला गेली. मग दर वर्षीच जाऊ लागली. मुलीचं शिक्षण सुटलं, पुढे तिकडच्याच मुलाशी तिचं लग्न झालं. सागाची रोपं अर्धी वाळली, अर्धी गुरांनी खाल्ली. तिथं आता खरंच झुडपं आहेत. माझं खोटं खरं झालं.

माझ्यावर रागावणारं कोणी नाही, ही आणखी एक गोष्ट. वस्तीतला एक जण एकदा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, भाऊ, जिरवली तुमी. मी त्याला चहा पाजला. टीव्हीवरच्या चर्चा ऐकून मी सरकारला शिव्या देतो तेव्हा पारावरचे लोक माना हलवतात. म्हणतात, भाऊंना गरिबाची कळकळ आहे. कायदा नीट राबवला नाही, अधिकारी विकलेले, गार्ड हलकट — सगळं मी बोलतो, आणि ते खोटंही नाही. पण त्या कायद्याला आमच्या गावात एका माणसाच्या तोंडाची गरज होती. दिल्लीच्या नाही, मुंबईच्या नाही. माझ्या.

सुमनबाई आता थकली आहे. मिरचीला जाणं सुटलं. गावातच रोजीनं जाते, आणि गेली काही वर्षं रोवण्याला, म्हणजे धानाची रोपं लावायला, माझ्याही बांध्यांत येते. मी बोलावलं नव्हतं. बायांची टोळी येते, त्यात ती असते. तिची लावणी सगळ्यांत सरळ. मी छत्री घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा असतो. ती येता-जाता म्हणते, बरे हा का भाऊ. मी म्हणतो, बरा हावो. त्या दिवसाचं तिनं एकदाही काढलं नाही. मीही काढलं नाही. दुसऱ्या बाया गातात तेव्हा ती गात नाही. पूर्वी गायची की नाही, ते मला ठाऊक नाही.

तिला वाचता येतं. हे छापून आलं तर गावात येईल, आणि कोणी ना कोणी तिच्या हातात नेऊन देईल. द्यावं. मी तिच्यापुढे जाऊन बोलायला हवं होतं हे मला कळतं. मी गेलो नाही.

तलाठ्यासमोर जे सांगायचं होतं ते असं. ही बोडी माह्या बापानं खोदली. दाजिबानं खोदवली. बांध्या बापानं पाडल्या. दाजिबा, मंग त्याचा पोरगा, मंग नामदेव, मंग हे सुमनबाई — सगळ्यायनं इथी धान पिकवलं. मी पाह्यलं हाये. मले तवाही आठवत होतं.